माशाच्या कानातला मंगळवार

शिव्या देणार नाही असं सुनेला कबूल करून बसले आहे, तेव्हा जमेल तितकं सभ्य भाषेत सांगते. मी छबू मल्लाव. जातीनं भोई, धंदा मासळीचा. येळवंती नदीत माझ्या सासऱ्यानं जाळं टाकलं, नवऱ्यानं टाकलं, आणि तो गेल्यावर गेली अकरा वर्षं मी टाकते. सन दोन हजार त्रेचाळीस उजाडलं, फवारणीला ड्रोन आले, बाजारातला वजनकाटा आपण होऊन भाव बोलायला लागला, पण कमरेएवढ्या पाण्यात उतरायला अजून माणूसच लागतं.

आधी माझी चूक सांगते. दुसऱ्यांची अब्रू काढायची तर पहिली आपली काढावी.

आमच्या वरच्या अंगाला, नदीच्या वळणावर, नऊ वर्षांपूर्वी वरुणाक्ष नावाची कंपनी आली. गाडीच्या इंजिनात जे तेल घालतात, त्यात मिसळायची रसायनं तिथं बनतात. कंपनी आली आणि तीन-चार वर्षांत नदीतल्या माशांना अंड्यांनी भरलेली गाबोळी यायला लागली. म्हणजे पूर्वी येत नव्हती असं नाही. विणीच्या दिवसांत दहा मासे चिरले तर पाचात गाबोळी आणि पाचात नराचं पांढरं दूध, असा हिशेब असायचा. आता दहाच्या दहा गाबोळीवाले! मासेही हे एवढाले, हाताच्या कोपरापर्यंत. आमच्याकडे गाबोळी म्हणजे जीव की प्राण. तव्यावर तिखटमीठ लावून परतली की घरात भांडणं होतात. बाजारात माझ्या पाटीपुढं रांग लागायची. बाया म्हणायच्या, "छबूताई, तुझ्या जाळ्याला देवी पावली गं." आणि मी गाढवी फुशारून जायची.

तर पाच वर्षांपूर्वी कंपनीला दुप्पट व्हायचं होतं. त्यासाठी जनसुनावणी लागली. नदीकाठचे शेतकरी तक्रारी घेऊन आले होते. कुणाची विहीर वास मारते, कुणाच्या म्हशी गाभण राहत नाहीत. मी उठले. माइक हातात घेतला आणि भरल्या मंडपात बोलले, "मी रोज नदीत उतरते. कंपनी आल्यापासून नदी भरून देतेय. एकूण एक मासा गाबोळीचा! नदी खराब असती तर अशी लेकुरवाळी झाली असती का?"

टाळ्या! कंपनीचे मोठे साहेब, सबनीस, त्यांनी उठून मला हात जोडले. कंपनी दुप्पट झाली. तीन महिन्यांत माझा संकेत तिथं सांडपाण्याच्या प्लँटवर ऑपरेटर म्हणून चिकटला. मी अख्ख्या भोईवाडीला पेढे वाटले. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

गेल्या मे महिन्यात बाजारात एक बाई आली. सुती साडी, पाठीला पिशवी. म्हणाली, "मावशी, मला फक्त माशांची डोकी हवीत."

मला वाटलं, बिचारीची परिस्थिती नसेल, कालवण करून खात असेल. मी म्हटलं, "डोकी घे, वर शेपटाकडचा तुकडाही घे. पोरांना घाल."

ती हसली. तालुक्याच्या कॉलेजात शिकवणारी नसीम तांबोळी ती. आई-बाप आमच्याच तालुक्यातले, पानसुपारीचं दुकान होतं. "खायला नकोत, मावशी. माशाच्या कानातले खडे काढायचेत. तुम्ही मासा कुठल्या दिवशी धरला ते नीट सांगाल ना?"

"माशाला कान असतात?"

"असतात. आत असतात. या गुरुवारी कॉलेजात या, दाखवते. आणि येताना सकाळी धरलेले मासे घेऊन या."

मी गेले. कुतूहल म्हणा, नाहीतर रिकामटेकडेपणा म्हणा. एक शिंगाडा मासा, एक रोहू आणि दोन मरळ घेऊन गेले. तारीख होती एकवीस मे.

बाईनं रोहूचं डोकं असं बेतानं उघडलं, की मी चाळीस वर्षं मासे कापते, मला जमलं नसतं. आतून साबुदाण्यासारखा पांढरा खडा काढला, घासून पातळ केला आणि शिलाई मशीनएवढ्या एका यंत्रात ठेवला. पडद्यावर तो खडा मोठा झाला. चिरलेल्या कांद्यासारखी कडी, एकात एक, मोजता मोजता डोळे दुखावेत इतकी.

"मासा रोज या खड्यावर एक थर चढवतो," बाई सांगायला लागली. "आज एक, उद्या एक. आणि त्या दिवशी पाण्यात जे विरघळलेलं असेल, त्यातला कणभर अंश त्या थरात अडकतो. एकदा अडकला की बाहेर पडत नाही. मांसातलं विष धुतलं जाईल, रक्तातलं जाईल, खड्यातलं नाही. खडे पूर्वीही वाचायचे, पण महिने लागायचे आणि दिवस नक्की सांगता येत नव्हता. हे यंत्र लेझरनं एकेक थर उडवतं आणि त्यात काय आहे ते सांगतं. अर्ध्या तासात."

"म्हणजे मासा रोजचं रोज लिहून ठेवतो म्हणा की."

"हो. आणि त्याला खोटं लिहिता येत नाही."

मग तिनं मरळीचं पोट उघडलं, गाबोळी बाजूला काढली आणि तिचा कण तपासून पाहिला. मी कौतुकानं बघत होते. ती म्हणाली, "मावशी, हा नर होता."

मी हसले. चाळीस वर्षं मासे कापणाऱ्या भोईणीला ही शिकवते! "अगं बाई, गाबोळी दिसत नाही का तुला?"

"दिसते. हिच्या पेशी तपासल्यात मी. जन्माला आला तेव्हा नर होता. पाण्यात एक रसायन येतंय, ते माशाच्या शरीराला मादीच्या संप्रेरकासारखं वाटतं. पिल्लू लहान असतानाच त्याचं शरीर फसतं आणि नराची मादी होते. मी बाजारातून सहा महिन्यांत दोनशे मासे तपासले. नर किती निघाले असतील?"

मी बोटांवर मोजायला लागले.

"तीन. आणि त्या तिघांच्याही पोटात थोडी थोडी अंडी."

अंडी आहेत, पण फळवणार कोण? ती नुसती कुजणार. हे मला कुणी समजावून द्यायला नको होतं. पण मी भांडले. म्हटलं, असं असतं तर मासे संपले असते, आमचे तर चांगले मोठे मिळतात. तिनं विचारलं, "आणि बारके?"

बारके तर मी कधी धरलेच नव्हते. आमच्या भोईवाडीचा आजे-पणज्यांपासूनचा नियम आहे, बारीक डोळ्याचं जाळं पाण्यात घालायचं नाही. बारकी मासळी निसटून गेली पाहिजे, वाढली पाहिजे. आम्ही त्या नियमाचा केवढा अभिमान बाळगत होतो! आणि त्याच नियमानं आमच्या डोळ्यांवर पट्टी बांधली. बारके जाळ्यात येतच नसतील तर बारके आहेत की नाहीत हे कळणार कसं? मोठे मासे मिळत होते, कारण नदीत उरले होते फक्त म्हातारे.

दुसऱ्या दिवशी नियम मोडून, मच्छरदाणीचं कापड घेऊन मी आणि बाई उथळ पाण्यात उतरलो. जिथं लहानपणी पायाला पिल्लं गुदगुल्या करायची, तिथं दोन तास कापड ओढलं. हाती काय लागलं? शेवाळ आणि प्लास्टिकची झाकणं. एक पिल्लू नाही हो! मी काठावर बसले आणि मोठ्यानं रडले. पाच वर्षं मी त्या माशांची गाबोळी देवीचा प्रसाद म्हणून विकत होते. भरल्या मंडपात छाती ठोकून सांगितलं होतं, नदी लेकुरवाळी झालीय म्हणून.

बारा दिवसांनी बाई कागद घेऊन माझ्या घरी आली. चेहरा कोड्यात पडल्यासारखा.

"खड्यांमध्ये बेरियम नावाचा धातू सापडलाय," ती म्हणाली. "कंपनी तो वापरते, आणि माशांना मादी करणारं ते रसायनही त्याच टाकीत असतं. म्हणजे ज्या थरात बेरियम, त्या दिवशी टाकी नदीत सोडलेली. पण रोज नाही. पंचायतीपुढच्या फलकावर कंपनीच्या सांडपाण्याच्या मीटरचा दिवा सदा हिरवा असतो, म्हणजे मीटरच्या पाइपातून सोडत नाहीत. जुन्या नाल्यातून सोडत असणार, ठरावीक दिवशी. तुम्ही मासे एकवीस मेला धरलेत. तिथून मागं थर मोजत गेले. हे बघा."

मी वाचलं. सात एप्रिल. चौदा. एकवीस. मग एकोणतीस. मग पाच मे, बारा, एकोणीस.

"सात-सात दिवसांचं अंतर आहे," बाई म्हणाली, "पण इथं एकदा आठ आणि पुढं सहा. चारही माशांत असंच. मशीनचं वेळापत्रक असतं तर असं चुकलं नसतं. मला कळत नाहीये."

मला कळलं. कागद हातात घेतला तेव्हाच कळलं होतं. मंगळवार! मंगळवार म्हणजे आमचा बाजार. त्या दिवशी भोईवाडीतलं चिटपाखरू नदीवर नसतं, सगळे पाट्या घेऊन तालुक्याला. आणि अठ्ठावीस एप्रिलला देवीची जत्रा होती, म्हणून त्या आठवड्यात बाजार बुधवारी भरला. एकोणतीसला.

मशीनला जत्रा कळत नाही. कंपनीच्या साहेबांना तर देवीचं नावही ठाऊक नाही. बाजार कधी सरकला हे कुणाला ठाऊक? आमच्यातल्याच कुणाला तरी. आणि आमच्यातला एकच माणूस त्या प्लँटवर कामाला आहे.

बाईला मी काहीच बोलले नाही. चहा पाजून वाटेला लावलं.

संकेत पहिल्या पाळीवरून दुपारी आला. हात-पाय धुऊन जेवायला बसला. रेश्मा, माझी सून, माहेरी गेली होती. मी ताट वाढलं आणि कागद ताटाशेजारी ठेवला.

"हे काय?"

"वाच."

त्यानं वाचलं. घास हातात तसाच राहिला. आईच ती, मला आणखी पुरावा कशाला हवा होता?

"कुणी दिलं तुला हे?"

"माशांनी. तू सोडतोस?"

"आई, तुला त्यातलं कळत न्हाई. टाकी भरली की साफ करायला लई खर्च येतो. वरनं हुकूम आला, नाल्यात सोडा. साहेब येत्यात, कुलूप काढत्यात, मी चाक फिरवतो. मी न्हाई फिरवलं तर दुसरा फिरवंल."

"आणि मंगळवार? मंगळवार कुणी सांगितला त्यांना?"

त्यानं हातातला घास ताटात ठेवला. मग बोलला ते असं, की मला त्याला मारावंसंही वाटलं आणि पोटाशी धरावंसंही.

"मी सांगितला. त्येंना कुठलाबी दिवस चालत होता. मी म्हणलं, मंगळवारीच सोडू. बाकीच्या दिवशी तू कमरेएवढ्या पाण्यात असतीस, आई."

ऐकलंत ना? पोरानं मला वाचवायला दिवस निवडला होता. नदी मारली, मासे मारले, आणि आई तेवढी बाजूला ठेवली. अरे, पण मी बुधवारी पहाटे त्याच पाण्यात उतरत होते की! आणि तेच मासे घरी आणून तुझ्या बायकोला गाबोळी परतून घालत होते. तुमचं लग्न होऊन चार वर्षं झाली, पाळणा हलला नाही, म्हणून मुद्दाम घालत होते! तांबोळी बाईला मी नंतर विचारलं, याच्यामुळं का? ती म्हणाली, "सांगता येणार नाही, मावशी. माणसांची तपासणी कुणी केलेलीच नाही." केलेली नाही! दहा हजार माणसं या नदीचं पाणी पितात, आणि तपासणी केलेली नाही.

"बाराला दुसरी सुनावणी आहे," मी संकेतला म्हटलं. "कंपनीला आणखी वाढायचंय. तू उभा राहा आणि सांग."

"नोकरी जाईल."

"जाऊ दे."

"जेल हुईल, आई!"

ताट तसंच टाकून तो उठून गेला. आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. मी रोज ठरवत होते आणि रोज मोडत होते. बाईचे खडे दिवस सांगतील, पण माणूस सांगणार नाहीत. मी बाजाराचं बोलले, की बोट पोरावरच जाणार. नाही बोलले, तर साहेब म्हणणार, सात दिवसांचं अंतर म्हणजे यंत्राची चूक. पाच वर्षांपूर्वी तोंड उघडून मी नदी घालवली होती. आता तोंड मिटून पुन्हा घालवायची?

बारा जूनला मंडप भरला. कंपनीनं थंड पाण्याच्या बाटल्या ठेवल्या होत्या, नदीचं पाणी कुणी साहेब पिणार आहे थोडंच! सुनावणीला जिल्ह्याहून एक अधिकारी मॅडम आल्या होत्या, तरुण, कमी बोलणाऱ्या. संकेत मागच्या बाजूला कंपनीच्या निळ्या शर्टात उभा होता.

सबनीस साहेबांनी सुरुवातीलाच मोठ्या पडद्यावर काय लावलं असेल? मला! पाच वर्षांपूर्वीची मी, हिरवं लुगडं नेसलेली, माइक घेऊन ओरडतेय, एकूण एक मासा गाबोळीचा! लोक हसले. साहेब म्हणाले, "ही नदीत रोज उतरणाऱ्या माऊलीची साक्ष आहे. यापेक्षा वेगळं प्रमाणपत्र काय हवं?"

मी ताडकन उठले. "साहेब, ती बाई अडाणी होती. आता हिचं ऐका."

तांबोळी बाईनं खडे दाखवले, थर दाखवले, तारखा वाचल्या. मग मी मंगळवार सांगितला, जत्रा सांगितली. भोईवाडीची माणसं एकमेकांकडं बघायला लागली, कारण त्यांनाही कळलं होतं की हे घरचंच कुणीतरी आहे.

सबनीस साहेब मोठे हुशार. लगेच दुःखी चेहरा करून म्हणाले, "असं काही झालं असेल तर फार गंभीर आहे. कंपनीचं याच्याशी देणं-घेणं नाही. एखाद्या स्थानिक कामगारानं आळसापायी परस्पर केलं असणार. त्या पाळीला कोण होतं ते आम्ही शोधू आणि कठोर कारवाई करू."

बघा! पाच वर्षं त्यांच्या मीटरला विष सापडलं नाही, पण गुन्हेगार दोन मिनिटांत सापडला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

"शोधायला कशाला पाहिजे?" मी म्हटलं. "मी सांगते. संकेत मल्लाव. माझा मुलगा. तिकडं मागं उभा आहे."

रेश्मानं माझा पदर ओढला. बाया चुकचुकल्या. सबनीस साहेबांनी हात वर केले, म्हणजे झालं, मिटलं! "आईच सांगते आहे. या कामगाराला मी याच क्षणी निलंबित करतो. पोलिसांनी त्याला ताब्यात घ्यावं."

संकेतला मी ओळखते. लहानपणी मार खाल्ला तरी बोलायचा नाही, पण खोटा आळ आला की लालबुंद व्हायचा. तसाच झाला. माणसं बाजूला सारत पुढं आला.

"चाक मी फिरवलं," तो मॅडमना म्हणाला. "मंगळवारबी मीच सांगितला. त्याची काय शिक्षा असंल ती द्या. पण नाल्याच्या व्हॉल्व्हला सीलचं कुलूप हाय. सरकारचाच नियम हाय, जबाबदार अधिकाऱ्याच्या अंगठ्याशिवाय ते उघडत न्हाई. माझ्या अंगठ्यानं ते उघडून दाखवा, मग मला एकट्याला न्या."

मॅडमनी मान वर केली. "कुलूप कुणाच्या अंगठ्यानं उघडतं?"

"साहेबांच्या."

"कधी उघडलं याची नोंद राहते?"

"कुलपातच ऱ्हाती. आजवर कुनी बघायलाच आलं न्हाई."

साहेब एकदम इंग्रजीत बोलायला लागले. मॅडमनी त्यांना थांबवलं. तहसीलदार आणि दोन पोलीस प्लँटवर पाठवले. पाऊण तास मंडपातून कुणी हललं नाही, जेवणाची वेळ टळून गेली तरी नाही. मग मॅडमच्या फोनवर यादी आली. त्यांनी तांबोळी बाईला सांगितलं, "तुम्ही खड्यातली तारीख वाचा. मी कुलपातली वाचते."

"सात एप्रिल," बाई म्हणाली.

"सात एप्रिल. सकाळी दहा वाजून पाच मिनिटं."

"चौदा."

"चौदा."

"एकवीस."

"एकवीस."

बाईनं कागदावर बोट ठेवलं. "एकोणतीस."

मॅडम थांबल्या, चष्मा वर केला, पुन्हा पाहिलं. "एकोणतीस एप्रिल. बुधवार."

"जत्रेचा आठवडा!" भोईवाडीतून कुणीतरी ओरडलं, आणि मग जो गलका झाला तो मी आयुष्यात ऐकला नव्हता. सबनीस साहेब खुर्चीत बसले होते आणि स्वतःचा अंगठा दुसऱ्या हाताच्या मुठीत धरला होता. पाचावर धारण बसलेला माणूस मी त्या दिवशी जवळून बघितला.

कंपनीचा अर्ज तिथंच फेटाळला. मॅडमनी माझा जबाब लिहून घेतला आणि वाचून दाखवला. मग पेन पुढं करताना म्हणाल्या, "बाई, यावर सही केलीत तर साहेबांबरोबर तुमच्या मुलावरही गुन्हा दाखल होईल. विचार करा."

"आठ दिवस तेच केलंय," मी म्हटलं आणि सही केली.

संकेतला गाडीत बसवताना मी जवळ गेले. रेश्मा रडत होती. तो माझ्याकडं बघेना. शेवटी म्हणाला, "त्यांनी घेतलंच असतं की माझं नाव. तू कशाला घेतलंस, आई?"

"त्यांनी घेतलं असतं तर तू नुसता कामगार असतास. त्यांनी तुला नाल्यात सोडून दिलं असतं आणि कुलूप लावलं असतं. मी माझा मुलगा म्हणून घेतलं. म्हणून तर तू पुढं आलास."

गाडी सुरू झाली तेव्हा काचेतून त्यानं विचारलं, "उद्या पाण्यात उतरनार न्हाईस ना?"

"नाही उतरणार," मी म्हटलं.

साहेबांना तिसऱ्या दिवशी जामीन मिळाला. मोठे वकील, मोठा दवाखाना, छातीत दुखतंय म्हणे! माझा पोरगा एकेचाळीस दिवस आत होता. खटला चालू आहे, आणि कंपनीही. तांबोळी बाई म्हणते, वरच्या धरणातून नर आणून सोडले आणि नाल्यातला गाळ उपसला, तर सात-आठ वर्षांत पिल्लं दिसतील. सात-आठ वर्षं! नदीत विष सोडायला साहेबांना पाच मिनिटं लागत होती.

दर मंगळवारी आता भोईवाडीतलं कुणीही बाजाराला जात नाही. विकायला आहेच काय? त्या दिवशी आम्ही सगळे, बाया-माणसं, नाल्याच्या तोंडाशी जाऊन बसतो. संकेतही येतो. माझ्या शेजारी बसतो, अजून फारसं बोलत नाही. कुणी साहेब आलाच, तर त्याला आधी आमच्या तोंडाकडं बघावं लागेल.